डाव्या बुटातलं पाणी

पावसात मोटारसायकल चालवायची आणि पाय कोरडे ठेवायचे, हा विषय आमच्या राहाता भागात कुणापाशीही काढा, तो गाडी स्टँडला लावून अर्धा तास बोलेल. एक म्हणेल, चप्पल घाला, भिजला पाय तर भिजला, घरी जाऊन पुसला की झालं. दुसरा म्हणेल, मोज्यावर दुधाची रिकामी पिशवी चढवा आणि वरून सायकलच्या ट्यूबचं कापलेलं रबर लावा. तिसरा लेगगार्डला जुन्या ट्यूबचा पडदा बांधून दाखवेल. मी हे सगळं करून पाहिलं आहे आणि माझं मत ठाम आहे. रेनकोटची पँट बुटाच्या बाहेर राहिली पाहिजे. ती आत खोचणाऱ्या माणसाला मी गाढव समजतो. पँटवरून ओघळणारं सगळं पाणी तो स्वतःच्या हाताने बुटात सोडतो आणि मग बूट गळतो म्हणून दुकानदाराशी भांडतो.

एवढा शहाणा माणूस मी. तरी त्या वर्षीच्या परतीच्या पावसात माझा डावा पाय रोज ओला होत राहिला, आणि ते पाणी कुठून येतंय हे मला पाच आठवडे कळलं नाही.

माझं काम गाईंचं. कृत्रिम रेतन करणं, लसी टोचणं, कानात पिवळे बिल्ले मारणं, खुरं बघणं. मी पदविका केलेला माणूस आहे, डॉक्टर नव्हे. पण सुई टोचतो तो डॉक्टर असं गावाने ठरवून टाकलं आहे, आणि मीही कुणाला दुरुस्त करायला जात नाही. दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर होतात, कालव्याच्या कडेने, ऊस आणि पेरूच्या बागांमधून. शेवटचा तुकडा बहुधा काळ्या मातीचा असतो आणि पावसात तिथे गाडी लावून पायीच जावं लागतं. बायको नगरला नोकरीला आहे, मुलगी तिच्याजवळ शिकते. गावातल्या घरात मी आणि आई असे दोघंच असतो.

पाय कोरडे ठेवणं ही माझी हौस नव्हती. मला तीन वर्षांपासून शुगर आहे. नगरच्या डॉक्टरांनी माझ्या तळपायाला नायलॉनचा एक जाड दोरा टोचत टोचत नेला आणि म्हणाले, डोळे मिटा, लागलं की सांगा. मी पापण्यांच्या फटीतून त्यांचा हात बघत होतो आणि बरोबर वेळेला 'हो, हो' म्हणत होतो. शाळेत कॉपी केली नाही ती चाळिशीत केली. त्यांना बहुतेक कळलं असावं. ते म्हणाले, "पाय भिजू द्यायचा नाही. चिखलात, शेणात उघडा ठेवायचा नाही. आणि रोज रात्री आरसा घेऊन तळवा बघायचा. वडिलांचं झालं ते तुमचं होऊ द्यायचं नसेल तर एवढं करा." मी मान हलवली. पहिल्या दोन गोष्टी मी जिवापाड पाळल्या. तिसरी एकदाही केली नाही. तळपाय बघायचा तर वाकावं लागतं, आणि वाकून मला काय दिसेल याची मला भीती वाटत होती. हे आज लिहितो आहे, तेव्हा कबूल केलं नसतं.

वडिलांचं काय झालं तेही सांगायला हवं. ते साखर कारखान्यात होते. इतकी वर्षं साखर काढली, थोडी अंगाला लागणारच, असं स्वतःच हसून सांगायचे. मग डाव्या पायाला जखम झाली, ती चिघळली आणि पाय गुडघ्याच्या खाली कापावा लागला. नंतर ते दाराजवळच्या बाजेवर बसून असत. एक पावसाळा मला नीट आठवतो. बाहेर धो धो चालू झालं की ते आईला हाक मारायचे, "अगं, डावा पाय पूस जरा. भिजलाय." आणि आई हातातलं काम टाकून टॉवेल घेऊन यायची. पायजम्याची जिथे घडी घातलेली असायची, त्याच्या खाली, जिथे काही नव्हतं तिथे, ती टॉवेल फिरवायची. घाईने नाही. टाच, घोटा, मग बोटांच्या बेचक्या. हवेत तिचा हात बरोबर पायाच्या आकाराने फिरायचा. मी दारात उभा राहून बघायचो.

आमचं घर बौद्धांचं. आजोबांनी धर्म बदलला तेव्हाच गंडेदोरे, अंगारे, भूतखेत सगळं उंबऱ्याबाहेर काढलं होतं. अंधारात जायला घाबरलो तर लहानपणी भुताबद्दल नाही, घाबरल्याबद्दल मार पडायचा. तेव्हा नसलेला पाय पुसण्याचा तो प्रकार मला सहन झाला नाही. एकदा मी ओरडलोच. "आई, तिथं पाय नाही! तू असं करून त्यांना वेडं करशील."

आई शांतपणे म्हणाली, "त्येंना ओलं लागतंय ना? मग पुसलं तर काय गेलं तुजं?"

 वडील तोंड फिरवून बाहेरचा पाऊस बघत बसले. त्यानंतर माझ्यादेखत त्यांनी पाय पुसायला कधी सांगितलं नाही. पाऊस आला की मांडी दोन्ही हातांनी घट्ट धरून बसायचे. मी समजलो, आपण बोललो ते बरं झालं, वेड गेलं. पुढे दोन वर्षांत ते वारले.

आता बुटांचं. पाय कापण्याच्या थोडंच आधी वडिलांना कारखान्यातून काळे गमबूट मिळाले होते. दवाखान्यातून आल्यावर ते कुबड्या घेऊन अंगणात फिरायचे तेव्हा त्यातला उजवा घालायचे. त्यामुळे उजव्याचा तळ झिजला आणि डावा तसाच कोरा राहिला. जोडी माळ्यावर पडून होती. त्या वर्षी माझे स्वतःचे बूट फाटले, तेव्हा आईनेच ती काढून दिली. गावात मेलेल्या माणसाचं पायतान कुणी घरात ठेवत नाहीत, दान करून टाकतात. आमच्यात ती भानगड नाही. आई म्हणाली, "डावा तर नवाच हाय. कशाला टाकायचा?" बूट मला अर्धा नंबर मोठे होत होते. गोठ्यात गाईंच्या खाली घालायची रबरी मॅट असते, तिचा तुकडा कापून मी दोन्ही बुटांत तळाला बसवला. अगदी मापात बसला. माझ्या हाताला कौशल्य आहे याचा मला त्या दिवशी फार अभिमान वाटला.

पहिला आठवडा बरा गेला. मग एका संध्याकाळी घरी येऊन बूट काढले, तर उजवा मोजा घामाने दमट आणि डावा ओलाचिंब. दुसऱ्या दिवशी तेच. मी मोज्यावर दुधाची पिशवी चढवायला लागलो. उजवी पिशवी संध्याकाळी जशीच्या तशी निघायची. डावीला पुढच्या बाजूला, अंगठ्याच्या खाली, एक बारीक भोक पडलेलं असायचं. पिशवी बदलली तरी भोक त्याच जागी. मी दूध संघाला शिव्या दिल्या, हल्ली प्लॅस्टिकसुद्धा पातळ करतात म्हणून. मोजा पिळला की बादलीत चहासारखं पाणी उतरायचं. जुन्या रबराचा रंग सुटत असेल असं मी धरून चाललो.

रस्त्यावर एक पंक्चरवाला ओळखीचा आहे. त्याला बूट दाखवला. त्याने तो पाण्याच्या घमेल्यात बुडवला, वरचं तोंड मुठीत आवळून दाबला, एक बुडबुडा निघाला नाही. म्हणाला, "डॉक्टर, हा बूट तुमच्यापेक्षा धडधाकट हाय. कुठं गळतोय?" तरी मी हट्टाने तळाच्या कडेला दोन ठिगळं मारून घेतली. संध्याकाळी मोजा ओला.

याच सुमाराला कालव्याच्या पुलापलीकडे राहणाऱ्या एका म्हातारीकडे माझ्या फेऱ्या चालू होत्या. तिच्या दोन गाई, एक तांबडी आणि एक काळी-पांढरी, आणि एक पिवळट कुत्रं. मी तिला मावशी म्हणतो. ते कुत्रं मला पाच वर्षं ओळखतं. कधी भुंकत नाही, कधी जवळही येत नाही. त्या दिवशी मी गाडीवरून उतरलो आणि ते सरळ आलं, माझ्या डाव्या बुटाला नाक लावलं आणि चाटायला लागलं. उजव्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी लाथ झटकली, ते दोन पावलं मागे सरलं आणि पुन्हा आलं. निघालो तेव्हा पुलापर्यंत गाडीमागे पळत आलं, डाव्या बाजूने.

मावशी दारात उभी राहून चिखलातल्या माझ्या पावलांकडे बघत होती. "दाक्तर, तुमचा डावा पाय लई खोल उमटतोय," ती म्हणाली. "डाव्या अंगाला कुनी बसल्यावानी."

मी म्हणालो, "मावशी, गाईला पेंड घाला, मला भुतं घालू नका." ती हसली नाही.

गाडी चालवताना आणखी एक गोष्ट ध्यानात यायला लागली. गिअर डाव्या पायात असतो. पूर्वी पाय आपोआप दांडीवर जायचा. आता मला खाली बघावं लागायचं, की बूट दांडीवर आहे की नाही. बूट दांडीवर दिसायचा, गिअर पडल्याचा आवाज यायचा, पण मी काही केलं आहे असं वाटायचं नाही. खड्ड्यांच्या रस्त्यावर, पावसाने दुपारीच दिवे लावायची वेळ आलेली, मी खाली बघतो तर तो काळा बूट त्याच्या त्याच्या मनाने गिअर टाकतोय. एकदा शिर्डीकडून येणाऱ्या टेम्पोच्या समोर मी दुसऱ्या गिअरमध्ये अडकलो आणि बूट हललाच नाही. टेम्पोवाल्याने आईबहिणीवरून उद्धार केला. मी कडेला थांबून बराच वेळ नुसता बुटाकडे बघत बसलो. त्याच्यावर माश्या बसल्या होत्या. उजव्यावर एकही नव्हती.

माझ्या मनात तेव्हा काय आलं ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. मनात आलं की हा बूट ज्या पायासाठी आणला होता तो पाय त्याला कधी मिळालाच नाही. मग मला माझीच लाज वाटली. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातला, विज्ञान शिकलेला माणूस, आणि भर रस्त्यात रबराला घाबरतो. रागाने किक मारली आणि निघालो.

त्यानंतर पहाटेची ती गोष्ट झाली. बूट मी रात्री ओसरीवर उलटे ठेवायचो. एक दिवस लवकर निघायचं होतं म्हणून उजाडताच उठलो. पाऊस थांबला होता, धुकं होतं. डावा बूट घ्यायला हात आत घातला तर आतून कोमट. कुणी नुकताच पाय काढून घेतल्यासारखा. मी उजव्यात हात घातला. गार, ओलसर, रात्रभर बाहेर राहिलेला बूट जसा असायला पाहिजे तसा. पुन्हा डाव्यात हात घालायचं माझं धाडस झालं नाही. आई मागच्या अंगणात आंघोळीच्या पाण्यासाठी चूल फुंकत होती. तिला काय सांगणार? मी बूट तसाच पायात घातला. ऊब मला तळपायाला लागली नाही, घोट्याच्या वर तेवढी जाणवली. आणि मी घाबरलो. साधा सरळ घाबरलो. त्या दिवसापासून मी त्या बुटात हात घालणं बंद केलं. हात घातला असता, नीट तळापर्यंत चाचपलं असतं, तर पुढचं सगळं टळलं असतं.

रविवारी मी निकाल लावायचा ठरवला. डावा बूट काठोकाठ पाण्याने भरला आणि अंगणातल्या पेरूच्या झाडाला टांगला. सकाळपासून संध्याकाळपर्यंत खाली खुर्ची टाकून बसलो. त्या दिवशी ऊन होतं. खालची माती कोरडी राहिली, एक थेंब पडला नाही. पाणी ओतून बूट उन्हात वाळवला, दुसरा दिवसही उघडाच होता, तोही वाळवण्यात घालवला. तिसऱ्या दिवशी बूट घालून निघालो. पाऊस नव्हता. चिखल वाळून त्याला भेगा पडायला लागल्या होत्या, कुठे डबक्यातसुद्धा पाय घातला नाही. संध्याकाळी ओसरीवर बसून बूट काढला.

मोजा ओला होता. पिशवीला भोक होतं. पिळल्यावर तेच चहासारखं पाणी.

आई शेजारी बसून मेथी निवडत होती. करोना होऊन गेल्यापासून तिच्या नाकाला वास येत नाही. भाजी करपली तरी तिला कळत नाही. आणि माझं नाक? शेण, मूत, फिनेल, व्यालेल्या गाईची जार, सडलेली खुरं यांच्यात वीस वर्षं गेलेलं. अंगाला कसला ना कसला वास असतोच, मी तो घराबाहेर नळावर धुऊन आत येतो. तिने मोज्याकडे बघितलं आणि म्हणाली, "अजून गळतोय व्हय रं तो?"

"हो," मी म्हणालो. पाऊस नव्हता हे तिला सांगितलं नाही.

पुढच्या चार दिवसांत पुन्हा पाऊस लागला. मावशीचा फोन आला, तांबडी लंगडतीय. मी गेलो. कुत्रं पुलावर येऊनच बसलं होतं, जणू फोन त्यानेच केला होता. पत्र्याच्या गोठ्यात दुपारी चारलाच अंधारलं होतं, मावशीने बल्ब लावला. गाईचा पाय बघायची आमची एक रीत आहे. खांदा गाईच्या कुशीला टेकवायचा, पाय मागे उचलून मांडीवर घ्यायचा, खुराच्या बेचकीत अंगठा दाबायचा आणि वाकून वास घ्यायचा. खूर सडलं असेल तर डोळ्यांना दिसायच्या आधी नाकाला कळतं. तो वास गोडसर असतो, घशात बसतो, चुकायचा नाही.

मी वाकलो आणि तो आला. भपकन आला. मी म्हणालो, "मावशी, खूर सडलंय. चांगलंच आत गेलंय. गोठा ओला ठेवता, रोज पाय बघत नाही, मग असं होतं. किती वेळा सांगितलं, जनावर बोलत नाही, त्याचा तळ आपण बघायचा असतो." मी तापलो की असा तास घेतो. 

बेचकी धुतली. आत लाल नव्हतं, मऊ नव्हतं. स्वच्छ गुलाबी कातडी. दुसरा पाय उचलला. स्वच्छ. तिसरा, चौथा. गाईचं खूर एका बाजूला जरा वाढलं होतं, त्यामुळे ती लंगडत होती, बस. पण वास होताच. मी काळ्या-पांढरीकडे गेलो. तिथेही वास. गव्हाणीपाशी गेलो, तिथेही. हात साबणाने धुवायला बाहेर नळावर आलो, पावसात, मोकळ्या हवेत, आणि तो वास माझ्याबरोबर बाहेर आला. कुत्रं बुटाशी येऊन बसलं आणि वर माझ्या तोंडाकडे बघायला लागलं.

मावशी दारातून म्हणाली, "गाईचा न्हाई त्यो वास, दाक्तर."

 मला कळलं होतं. पाच आठवड्यांत खुराचं काम हे पहिलंच; गाईचा पाय उचलायला वाकलो तेव्हा माझं नाक पहिल्यांदा माझ्याच बुटापाशी गेलं होतं.

"बसा हितं," ती म्हणाली आणि पेंडीचं रिकामं पोतं अंथरलं. मी बसलो. मला बूट निघेना. त्या म्हातारीने तो दोन्ही हातांनी ओढून काढला. पिशवी काढली, मोजा काढला. मग माझा पाय तिने उचलून आपल्या मांडीवर घेतला, मी गाईचा घेतो तसा, आणि तळवा बल्बकडे फिरवला.  तिने पदर तोंडाला लावला.

"काय आहे?" मी विचारलं.

"भोक हाय," ती म्हणाली. "अंगठ्याच्या बुडाला. माजं बोट जाईल एवढं."

तिने बोट लावलं असेल, नसेल. मला काहीच लागलं नाही.

बूट तिने पोत्यावर उलटा करून आपटला. काही पडलं नाही. मग आत हात घालून मी बसवलेला मॅटचा तुकडा ओढून काढला, त्याच्या खालून एक पिवळी चकती निघाली. कानातल्या बिल्ल्याचा मागचा भाग. चकतीच्या मध्ये टोकदार खिळा असतो, गाईच्या कानातून आरपार जाणारा. उघडीप असली की मी बूट आणि बिल्ले एकाच पिशवीत टाकून न्यायचो. पहिल्या आठवड्यात एकदा मॅट धुवायला काढली होती तेव्हा तो बुटात पडला असणार, मी वरून मॅट पुन्हा घट्ट बसवली, आणि दिवसेंदिवस चालून चालून खिळा मॅटमधून वर आला. पाच आठवडे मी त्याच्यावर उभा होतो. पाणी बाहेरून येत नव्हतं, ते माझंच होतं.

मावशीच्या पुतण्याने मला त्याच्या गाडीतून थेट नगरला नेलं. वाटेत मी एकच विचारत होतो, पाय राहील का.  डॉक्टरांनी जखमेत सळई घातली आणि ती हाडाला टेकल्याचा आवाज मी ऐकला. आवाजच ऐकला फक्त. त्यांनी मला रागावलं नाही, त्याचं मला जास्त वाईट वाटलं. डावा अंगठा आणि शेजारचं बोट गेलं. पाय राहिला. अजून एक आठवडा गेला असता तर वडिलांसारखाच गुडघ्याखाली गेला असता, असं ते म्हणाले.

आई दवाखान्यात आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. कुत्रं, माश्या, गिअर. आणि कोमट बूट. 

ती म्हणाली, "आरं, ती मीच राख ठेवायची." चुलीतली गरम राख फडक्यात बांधून ती रोज पहाटे डाव्या बुटात ठेवायची आणि मी उठायच्या आत काढून घ्यायची. तो गळतोय ना, कोरडा व्हावा म्हणून. वडिलांच्या बुटातही हिवाळ्यात ठेवायची. "मला सांगितलं का नाहीस?" मी विचारलं. "तू चिडला असतास. तुला असलं काय चालत न्हाई," ती म्हणाली. मग म्हणाली, "फडकं मात्र रोज फाटायचं एकाच जागी. मला वाटलं, उंदीर लागलाय." हे बोलताना तिला स्वतःलाच कळलं आणि ती रडायला लागली. मी तिचा हात धरला. रडण्यासारखं तिने काही केलं नव्हतं. माझ्या घरात माझ्या आईला माझ्यापासून लपून माझा बूट वाळवावा लागत होता, हे माझं केलेलं होतं.

घरी आलो तेव्हा दिवाळी होऊन गेली होती, तरी पाऊस हटला नव्हता. गाडी ओसरीला झाकून ठेवलेली. मी दाराजवळच्या त्याच बाजेवर पाय उशीवर ठेवून बसून असायचो. एका दुपारी पाऊस जोरात आला. पत्रा वाजायला लागला, अंगणात पाणी साचलं. आमचं छप्पर गळत नाही. पायाची पट्टी सकाळीच बदललेली, कोरडी ठणठणीत. मी हाताने चाचपून बघितली, कोरडीच होती. आणि डावा अंगठा भिजत होता. नसलेला अंगठा. गार पाणी त्याच्या नखावर पडत होतं आणि बेचकीत उतरत होतं, इतकं स्पष्ट; असताना तीन वर्षं त्या अंगठ्याला काही कळलं नव्हतं आणि आता सगळं कळत होतं.

नसा कापल्या की मेंदूला असा भास होतो, हे डॉक्टरांनी सांगितलेलं होतं. मी ते स्वतःला दोनदा सांगून बघितलं. पाणी थांबलं नाही. मी मांडी दोन्ही हातांनी घट्ट धरली. तशी धरून किती वेळ बसलो माहीत नाही. मग हातांकडे लक्ष गेलं, आणि या बाजेवर असंच मांडी धरून कोण बसायचं ते आठवलं.

"आई," मी हाक मारली.  "डावा अंगठा भिजलाय गं."

 तिने दोरीवरचा टॉवेल घेतला, पायाशी बसली आणि पट्टीच्या पुढे, जिथे काही नव्हतं तिथे, टॉवेल टेकवला. नख, पेर, मग बेचकी. घाईने नाही.

"झाला का कोरडा?"

झाला होता. मी मान हलवली. ती टॉवेल झटकून उठत होती तेव्हा मी विचारलं, "त्यांचा कोरडा व्हायचा का गं?"

"व्हायचा की," ती म्हणाली. "तू भाईर गेलास की पुसून मागायचे."